ज्या वर्षात पाडवा नव्हता

२०२३-२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही. आधीचा पाडवा २२ मार्च २०२३ ला, म्हणजे वर्ष सुरू व्हायच्या दहा दिवस अगोदर होऊन गेला. पुढचा ९ एप्रिल २०२४ ला, वर्ष संपल्यावर आला. त्याच्या आधीच्या २०२२-२३ मध्ये मात्र दोन पाडवे होते, २ एप्रिल २०२२ आणि २२ मार्च २०२३. त्याच्या पुढच्या २०२४-२५ मध्येही दोनच, ९ एप्रिल २०२४ आणि ३० मार्च २०२५. दोन, शून्य, दोन. ज्यांचा धंदा पाडव्यावर चालतो त्यांच्या वार्षिक आकड्यांकडे ही गोष्ट विसरून पाहिलं, तर २०२३-२४ मध्ये मंदी आली आणि पुढच्या वर्षी ती हटली असं कुणीही छातीठोकपणे सांगेल. तसं सांगणारा देखणा आलेख अर्ध्या मिनिटात तयारही होतो.

मी सांगली भागात दुचाकींच्या एका डीलरकडे काम करते. हिशेबापासून सुरुवात झाली. आधी टॅली, मग एक्सेल, मग पॉवर बीआय, म्हणजे टेबलं जोडून त्यांवरून रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे पाडव्याला गाडी काढायची हे घरात बरंच आधी ठरलेलं असतं. बुकिंग दोन-तीन आठवडे अगोदर होतं, पासिंग आधी उरकावं लागतं, आणि पाडव्याच्या दिवशी पहाटेपासून शोरूमसमोर गाड्यांची रांग लागते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे, आणि नव्या गाडीवर बसून फोटो काढणारी आख्खी कुटुंबं. कित्येक महिन्यांत जेवढ्या गाड्या जात नाहीत तेवढ्या या चार-पाच दिवसांत जातात. त्यामुळे दरवर्षी पाडवा झाला की दोन दिवसांनी शेठ एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, औंदाचा पाडवा गेल्या पाडव्यापेक्षा कसा गेला?"

प्रगत सूत्रं आणि डेटा मॉडेलिंग, म्हणजे माहितीची टेबलं कशी आखायची आणि एकमेकांना कशी जोडायची, या विषयात मी जे काही शिकले ते जवळजवळ सगळं या एका प्रश्नात आहे. शेठच्या तोंडून तो सहज येतो, ऐकणाऱ्या कुणालाही तो कळतो, आणि सॉफ्टवेअरला त्यातलं अक्षरही कळत नाही.

पॉवर बीआयमध्ये सूत्रं लिहायची भाषा म्हणजे डॅक्स. ती आली २०१० मध्ये, एक्सेलला जोडून चालणाऱ्या पॉवरपिव्हट या साधनातून; पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं ते जुलै २०१५ मध्ये. तिच्यात गेल्या वर्षाशी तुलना करायला सेमपीरियडलास्टइयर नावाचं तयार फंक्शन आहे. नवशिक्याला ते जादूसारखं वाटतं. एका ओळीत गेल्या वर्षाचा आकडा शेजारी येऊन बसतो. पण ते करतं काय, तर समोरच्या तारखा घेतं आणि प्रत्येक तारीख बरोबर एक वर्ष मागे नेतं. ९ एप्रिल २०२४ ला ते ९ एप्रिल २०२३ शेजारी उभं करतं. इकडे पाडव्याची झुंबड, तिकडे एप्रिलमधला साधा रविवार. वाढ अफाट दिसते. आणि २२ मार्च २०२४ च्या रकान्यात, जिथे शेजारी आदल्या वर्षीचा पाडवा येतो, तिथे धंदा बुडाल्यासारखा दिसतो. फंक्शनने यात काहीच चूक केलेली नसते. त्याला सांगितलं होतं तेवढं त्याने चोख केलेलं असतं.

इथून पुढे शिकण्याची दिशा बदलली. कोणतं फंक्शन वापरायचं हा प्रश्न मागे पडला. आपल्याला धंद्याबद्दल जे माहीत आहे, त्यातलं किती या टेबलांना माहीत आहे, हा प्रश्न पुढे आला. आणि तसं बघायला गेलं की टेबलांना जवळजवळ काहीच माहीत नसतं.

सगळ्यात आधी, एक ओळ म्हणजे काय? हा प्रश्न बालिश वाटतो, पण मॉडेलिंगचा निम्मा विषय त्यात आहे. डेटा वेअरहाउसच्या, म्हणजे धंद्याची माहिती अभ्यासासाठी एकत्र साठवण्याच्या, क्षेत्रात राल्फ किंबॉल यांनी जी पद्धत रूढ केली तिच्यात क्रम ठरलेला आहे: आधी धंद्यातली कोणती घडामोड मोजायची ते ठरवा, मग टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय ते शब्दांत लिहून काढा, मग ती घडामोड कशाकशाच्या अंगाने बघायची ते, आणि सगळ्यात शेवटी आकडे. बहुतेक जण शेवटापासून सुरू करतात, कारण शेठनी आकडा मागितलेला असतो.

आमच्याकडे एक ओळ म्हणजे काय असू शकतं? एक बुकिंग. एक बिल. एक गाडी, म्हणजे एक चेसिस नंबर. एक पावती. ही चार वेगळी उत्तरं आहेत. समजा एका गिऱ्हाइकाने लाखाची गाडी काढली आणि पैसे तीन पावत्यांत भरले: बुकिंगच्या वेळी पाच हजार, मधे वीस हजार, उरलेले फायनान्स कंपनीकडून. कुणीतरी पावत्यांच्या यादीला गाडीची माहिती जोडून एकच लांबरुंद टेबल केलं, तर त्यात ही गाडी तीन ओळींत येते आणि किमतीच्या कॉलममध्ये लाख तीनदा दिसतात. बेरीज केली की तीन लाखांची विक्री. मग माणसं ते निस्तरायला सूत्रात वेगळ्या चेसिस नंबरांची मोजणी आणतात, त्यावर सरासरी घेतात, त्या सरासरीची पुन्हा बेरीज करतात, आणि दहा ओळींचं सूत्र तयार होतं. नेटवर अशी सूत्रं पुष्कळ दिसतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की प्रगत म्हणतात ते हेच. माझं मत आता पक्कं आहे: सूत्र विनाकारण लांबायला लागलं की लिहिणं थांबवावं आणि टेबलाकडे परत जावं. गाड्यांचं टेबल वेगळं आणि पावत्यांचं वेगळं केलं, की दोन्हीकडचं सूत्र एकेका ओळीचं उरतं.

ही विचारसरणी पॉवर बीआयपेक्षा खूप जुनी आहे. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात कशी मांडावी याचा गणिती पाया घातला. माहिती संगणकात कुठे आणि कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याला पडू नये, त्याने तिच्या अर्थावर बोलावं, ही त्यामागची धडपड होती. पन्नास वर्षांनी सांगलीतल्या शोरूममध्ये बसून पावत्या आणि गाड्या वेगळ्या करताना मला त्या माणसाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

मॉडेलचा आकार आमच्याकडे असा ठरला: मधोमध घडामोडींची टेबलं, म्हणजे बुकिंग, विक्री, पावत्या, रोजचा साठा. भोवती वर्णनाची टेबलं: गाडीचं मॉडेल आणि रंग, शाखा, गिऱ्हाईक, गाव, तारीख. वर्णनाकडून घडामोडीकडे, एकाच दिशेने, गाळण (फिल्टर) जाते. शाखेच्या टेबलात 'मिरज' निवडलं की विक्रीच्या टेबलात फक्त मिरजेच्या ओळी उरतात. दिशा दोन्हीकडून खुली करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अडलेल्या माणसाला तिचा मोह पडतो. पण दोन घडामोडींची टेबलं एकाच वर्णनाला जोडलेली असताना तशा दोन-तीन वाटा उघडल्या, की कोणती निवड कुठून फिरून कुठे पोचते हे सांगणं अवघड होतं. आकडे येत राहतात, आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

आता तारखांचा प्रश्न. बुकिंग १५ मार्चला झालं, डिलिव्हरी पाडव्याला. पाडवा कसा गेला याचं उत्तर कोणत्या तारखेवर द्यायचं? शोरूममधल्या सेल्सच्या मुलांना विचारलं तर ती बुकिंग म्हणतात, कारण त्यांची मेहनत तेव्हा फळाला येते. हिशेबातली माणसं बिलाची तारीख धरतात. गर्दी दिसते ती डिलिव्हरीची. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि तिन्ही आकडे वेगळे आहेत. तारखांच्या टेबलाचं आणि विक्रीच्या टेबलाचं एकच नातं एका वेळी चालू राहू शकतं; बाकीची नाती आखलेली पण निजलेली असतात, आणि युझरिलेशनशिप हे फंक्शन त्यांपैकी एकाला तेवढ्या सूत्रापुरतं जागं करतं. तांत्रिक भाग एवढाच, पाच मिनिटांत समजतो. वेळ लागला तो शेठ, सेल्सचे मॅनेजर आणि हिशेबाचे काका यांना एका टेबलाभोवती बसवून, रिपोर्टवर कोणता आकडा कोणत्या नावाने जाईल हे ठरवण्यात. शेवटी 'पाडव्याची बुकिंग' आणि 'पाडव्याच्या डिलिव्हरी' असे दोन आकडे ठरले, आणि तेव्हापासून सोमवारच्या मीटिंगमधलं अर्धं भांडण संपलं. हे काम कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि मला तर तेच या विषयाचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

सूत्रांकडे वळायचं तर, एक्सेलमधून आलेल्या माणसाला एक गोष्ट मुळापासून नव्याने शिकावी लागते. एक्सेलमध्ये सूत्र एका सेलमध्ये राहतं. त्याला पत्ता असतो, त्याच्या वर-खाली शेजारी असतात. डॅक्समधल्या मेजरला, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या सूत्राला, पत्ता नसतो. ते लिहून ठेवलेलं असतं, आणि रिपोर्टवर जिथे जिथे ते मांडाल तिथे प्रत्येक चौकटीत ते पहिल्यापासून नव्याने मोजलं जातं. 'मिरज, मार्च, लाल' या चौकटीत ते आधी टेबल गाळून घेतं आणि उरलेल्या ओळींवर बेरीज करतं. सगळ्यात खालच्या एकूण ओळीत ते वरच्या आकड्यांची बेरीज करतच नाही, तर त्या निवडी काढून टाकून पुन्हा सगळं मोजतं. इथे अनेकांचा गोंधळ उडतो: एकूण आकडा वरच्यांच्या बेरजेइतका का येत नाही? पण हाच गुण सांभाळून घेतो. समजा मोठ्या शाखेत २०० गाड्या गेल्या आणि त्यांतल्या १०० फायनान्सवर, म्हणजे ५० टक्के. लहान शाखेत २० गाड्या, त्यांतल्या १८ फायनान्सवर, म्हणजे ९० टक्के. या दोन टक्केवारींची सरासरी ७०. खरं प्रमाण मात्र २२० पैकी ११८, म्हणजे साधारण ५३.६ टक्के. फायनान्सच्या गाड्यांची बेरीज भागिले सगळ्या गाड्यांची बेरीज असं मेजर लिहिलं, की प्रत्येक पातळीवर उत्तर आपोआप बरोबर येतं. टक्का कॉलममध्ये साठवून ठेवला की तो पुढे कुठेतरी दगा देतो.

मग येतं कॅल्क्युलेट. डॅक्समधलं हे मध्यवर्ती फंक्शन आहे. ते स्वतः बेरीज-वजाबाकी काहीच करत नाही. गाळण बदलतं आणि मग आत दिलेली आकडेमोड नव्या गाळणीत करायला सांगतं. 'शाखा मिरज' अशी अट त्यात घातली, तर आधी निवडलेली शाखा बाजूला पडते आणि मिरज बसते. आधीची निवड राखून तिच्यावर ही अट लावायची असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. एवढं पचलं की पुढचं बरंचसं त्यातूनच उलगडतं.

फक्त एक जागा अशी आहे जिथे शांतपणे बसावं लागतं. समएक्ससारखी फंक्शनं टेबलाच्या एकेका ओळीवरून चालत जातात. अशी चाल सुरू असताना आत मेजर वापरलं, की ती चालू ओळ स्वतःच गाळणी बनते: या ओळीत जी जी मूल्यं आहेत, ती ती असलेल्या सगळ्या ओळी घे. आता एका बिलात दोन हेल्मेट आहेत, दोन्ही १,२०० रुपयांची, दोन वेगळ्या ओळींत टाकलेली, आणि ओळींना स्वतंत्र क्रमांक नाही. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. पहिल्या ओळीवर मेजर विचारतं, अशा ओळी किती? दोन, बेरीज २,४००. दुसऱ्या ओळीवर पुन्हा तेच, २,४००. एकूण ४,८००. गल्ल्यात आले निम्मे. सूत्रात व्याकरणाची चूक नाही, सॉफ्टवेअर लाल रंगात काही दाखवत नाही. म्हणून मी कुणालाही सांगते की हे शिकताना लाखो ओळींचा डेटा घेऊ नका. पाच ओळींचं टेबल हाताने कागदावर लिहा, एक ओळ मुद्दाम दुहेरी ठेवा, आणि प्रत्येक पायरीला कोणत्या ओळी उरल्या त्यांवर खूण करा. एका संध्याकाळी जे कागदावर कळतं ते व्हिडिओ बघून कळायला फार वेळ जातो.

हिशेबाची पार्श्वभूमी असलेल्यांना एका ठिकाणी मात्र फायदा मिळतो. यार्डात रोज ४० गाड्या उभ्या असतील तर महिन्याचा साठा १,२०० होत नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही. विक्री बेरजेची गोष्ट आहे, शिल्लक ही एका दिवसाची. शिल्लक शाखांवर बेरीज होते, दिवसांवर होत नाही. दिवसांच्या बाबतीत शेवटच्या दिवसाची घ्यायची. खतावणी लिहिलेल्या माणसाच्या ते अंगात मुरलेलं असतं. मला तर वाटतं, वाणिज्य शाखेतल्या मुलामुलींनी या क्षेत्राकडे बिचकून पाहण्याचं काहीच कारण नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, विंडोजचा साधा लॅपटॉप पुरतो, आणि जमा-नावे कळणं हे प्रोग्रामिंग कळण्यापेक्षा कमी कामाचं नाही.

आता शेठच्या प्रश्नाकडे. त्याचं उत्तर तारखांच्या टेबलात आहे.

पॉवर बीआय प्रत्येक तारखेच्या कॉलमसाठी मागच्या मागे स्वतःचं एक छुपं तारखांचं टेबल बनवतं, जानेवारी ते डिसेंबर. ती सोय बंद करून स्वतःचं टेबल करावं, हा या क्षेत्रातला सर्वमान्य सल्ला आहे. एक तारीख, एक ओळ, मधे खंड नाही. त्यात बहुतेक जण वर्ष, महिना, तिमाही, आठवडा हे कॉलम घालतात. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलपासूनचं असतं, तेही घालतात आणि थांबतात. पण हे टेबल आपलं आहे. त्यात काय घालायचं यावर कुणाचं बंधन नाही.

आमच्या टेबलात पाडव्यासाठी दोन कॉलम आहेत. एकात पाडव्यापासूनचं अंतर: पाडव्याच्या दिवशी शून्य, आदल्या दिवशी उणे एक, तीन आठवडे मागे उणे एकवीसपर्यंत. दुसऱ्यात शक. पाडव्याला शालिवाहन शक बदलतो, आणि तो दर पाडव्याला बरोबर एकाने वाढतो. २२ मार्च २०२३ ला १९४५ सुरू झाला, ९ एप्रिल २०२४ ला १९४६, ३० मार्च २०२५ ला १९४७. इंग्रजी तारखा पुढे-मागे कितीही सरकोत, शकाची शिडी सरळ आहे. 'गेला पाडवा' म्हणजे चालू शक वजा एक. हे सुचलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे. तारखांशी झगडणारं एक किचकट सूत्र लिहावं लागलं असतं, ते काम पंचांग शतकानुशतकं करतच होतं. फक्त एक बारकावा राखावा लागतो: पाडव्याआधीचे एकवीस दिवस पंचांगानुसार जुन्या शकात असतात, पण बुकिंग तर येणाऱ्या पाडव्याची असते. म्हणून त्या दिवसांनाही येणाऱ्या पाडव्याचाच शक द्यायचा, आणि कॉलमचं नाव साधं 'शक' न ठेवता 'पाडव्याचा शक' ठेवायचं.

सूत्र मग लहान होतं. समोर निवडलेला पाडव्याचा शक आधी एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवायचा. व्हेरिएबलचं मूल्य जिथे लिहिलं तिथेच ठरतं, नंतर गाळण बदलली तरी ते हलत नाही; म्हणूनच तो आधी उचलायचा. मग कॅल्क्युलेटमध्ये तारखांच्या टेबलावरच्या सगळ्या निवडी काढायच्या, शक वजा एक ही अट घालायची आणि समोर असलेली अंतरं परत लावायची. 'उणे सात' समोर गेल्या पाडव्याचा 'उणे सात' येतो. शेठना आता पाडव्याच्या आठवडाभर आधीच कळतं की बुकिंग गेल्या खेपेच्या पुढे आहे की मागे, आणि कंपनीकडून जास्तीचा माल मागवायला हातात वेळ असतो. खालच्या एकूण ओळीत, जिथे तीन-चार शक एकत्र येतात, तिथे 'गेला पाडवा' याला अर्थच नाही. तिथे एकच शक निवडलेला आहे का हे तपासून, नसेल तर मेजर रिकामं ठेवलं आहे. रिकामी चौकट पाहून पहिल्यांदा सगळे विचारतात. विचारू देत. निरर्थक आकड्यापेक्षा ती बरी.

तारखा अशा का सरकतात हेही रिपोर्ट वाचणाऱ्याला माहीत हवं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, आणि मग अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून पुढचा पाडवा एकदम १८ दिवस पुढे गेला. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. १९ मार्च २०२६ नंतरचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला येतो. म्हणजे २०२६-२७ हे पुन्हा बिनपाडव्याचं आर्थिक वर्ष. वर्षाचं उद्दिष्ट ठरवताना हे सांगायला हवं, आणि सांगणाऱ्याच्या हातात कॉलम असला तर ते ऐकलंही जातं. २०२५ मध्ये पॉवर बीआयमध्ये स्वतःच्या दिनदर्शिका ठरवून त्यांवर काळाची तुलना करण्याची सोय चाचणी स्वरूपात आली, ती चांगलीच आहे. पण पाडवा कधी हे तिला आपणच सांगायचं आहे.

मात्र सगळंच टेबलात मावतं असा भ्रमही नको. २०२५ चा सप्टेंबर बघा. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं जाहीर केलं, लागू २२ सप्टेंबरपासून. मधले दिवस गिऱ्हाईक थांबणार हे उघड होतं. पण त्याच दिवसांत पितृपक्षही होता, जेव्हा आमच्याकडे तसंही कुणी गाडी काढत नाही, आणि २२ सप्टेंबरलाच घटस्थापना होती. विक्री आधी खाली गेली आणि मग उसळली. त्यातली किती कराची आणि किती पंचांगाची? हिशेबाचे काका मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या कॉम्प्युटरला पितृपक्ष कळतो का?" कॉलम आहे, कळतो, असं मी सांगितलं. पण दोन कारणं त्याच दिवसांवर एकावर एक पडली, की कुठलंही सूत्र त्यांना सोडवून देऊ शकत नाही. आदल्या वर्षांच्या पितृपक्षांशी तुलना करून अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज आहे असं त्याखाली लिहिता येतं. तसं लिहिलेला रिपोर्ट मीटिंगमध्ये कमी चमकतो. तरीही मी तसंच लिहिते, कारण त्या आकड्यावर कुणीतरी माल मागवणार असतं, कर्ज काढणार असतं.

सध्या हाती आहे ते ऊसबिलाचं काम. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दुचाकी कधी निघते हे मुहूर्तावर जितकं ठरतं तितकंच कारखान्याचं बिल खात्यावर कधी पडतं यावर. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते. प्रत्यक्षात कोणत्या कारखान्याने कोणत्या पंधरवड्याचं बिल कधी सोडलं हे गावोगाव वेगळं. हे काही तारखांच्या टेबलात कॉलम वाढवून भागणार नाही, कारण एकाच तारखेला एका गावात पैसे आलेले असतात आणि शेजारच्या गावात नसतात. त्याला स्वतःचं टेबल हवं: एक ओळ म्हणजे एक कारखाना, एक पंधरवडा, आणि बिल जमा झाल्याची तारीख. आणि एकाच गावाचा ऊस दोन-तीन कारखान्यांना जातो, तेव्हा गाव आणि कारखाना यांच्यामध्ये जोडणीचं आणखी एक टेबल, ज्यात एक ओळ म्हणजे एक गाव आणि एक कारखाना अशी जोडी. कोणाचा वाटा किती धरायचा हे अजून ठरायचं आहे. गावांची यादी काकांना तोंडपाठ आहे. मिरज तालुक्यातली गावं भरून झाली, पलूसची निम्मी झाली आहेत, आणि वाळव्यासाठी काकांनी त्यांच्या मेव्हण्यांना फोन लावला आहे.